फायली उचलून वकिली येते का? : वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

एरवी या पानावर वारस नोंदी, बांधावरची भांडणं, सामाईक जमिनीत भावानं परस्पर बांधलेलं घर असलेच प्रश्न असतात. या वेळी मात्र लॉ करणाऱ्या पोरापोरींची, त्यांच्या आईवडिलांची आणि एका चिडलेल्या वकीलसाहेबांची पत्रं जास्त आहेत, आणि फिरून फिरून विषय एकच की काम करून घेतात पण शिकवत कोणी नाही. कुळकायदावाल्यांनो रागावू नका, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. पत्रं थोडी कापली आहेत, नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी चिपळूणची, पाच वर्षांच्या लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. मे महिन्यात मुंबईला फोर्टमधल्या एका लॉ फर्ममध्ये चार आठवडे इंटर्नशिप केली, मावशीकडे डोंबिवलीला राहून रोज लोकलनं जायचे. पूर्ण महिना स्कॅनिंग, पेजिनेशन, इंडेक्स आणि मराठी कागद इंग्रजीत करून देणं एवढंच केलं, बहुतेक रायगड रत्नागिरीकडचे सातबारा आणि फेरफार. मी दिलेल्या भाषांतराचं पुढं काय झालं, बरोबर होतं की चूक, कोणी एका शब्दानं सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी एचआरला विचारलं की इथं पुढं चान्स आहे का, तर म्हणाल्या आम्ही ठराविक कॉलेजमधूनच घेतो आणि त्याची असेसमेंट इंटर्नशिप वेगळी असते. सर्टिफिकेट दोन ओळींचं, त्यातही माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय. मी मुंबईलाच ट्राय करत राहू की रत्नागिरीला कोणाकडे तरी जॉइन होऊ? घरचे म्हणतात मोठ्या फर्मचं नाव लागलं ना, बास झालं.

उत्तर : आधी ते स्पेलिंग दुरुस्त करून घे बाई, आजच ईमेल टाक, नाहीतर पुढं प्रत्येक ठिकाणी नावातल्या फरकाचं अ‍ॅफिडेव्हिट करत बसशील.

आता मुद्दा. त्या फर्मनं कुठला नियम मोडला का, तर नाही, आणि गोम तिथंच आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे लीगल एज्युकेशनचे नियम आहेत, त्यात पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या कोर्सला १२ आठवडे इंटर्नशिप सांगितली आहे, कुठल्याही वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर चालत नाही, आणि पूर्ण कोर्समध्ये एकदा तरी ट्रायल आणि अपिलाचं काम करणाऱ्या वकिलांकडे झालीच पाहिजे. डायरी ठेवायची, ती तिथल्या गाइडनं आणि कॉलेजच्या प्राध्यापकानं तपासायची. म्हणजे आठवडे मोजायची पक्की सोय आहे आणि शिकवलं काय हे विचारायची जागा फक्त ती डायरी. डायऱ्या कशा भरल्या जातात हे मी तुला सांगायला नको, सबमिशनच्या आदल्या रात्री एकीची चौघी उतरवतात, रोज तेच वाक्य, आज कोर्टात हजर राहून कामकाज पाहिले, खाली सही.

फर्मची बाजूही सांगते, कारण ती कळल्याशिवाय पुढच्या वेळी नेमकं काय मागायचं ते तुला कळणार नाही. मोठ्या फर्मचं बरंचसं गणित तासांच्या बिलावर चालतं. तुझा ड्राफ्ट तपासण्यात असोसिएटचा जो तास जाईल तो कुठल्याच क्लायंटच्या बिलात लावता येत नाही, त्यात तू महिन्यात निघून जाणार, कागद गोपनीय, आणि त्या असोसिएटच्या स्वतःच्या डोक्यावर रात्री अकराची डेडलाइन. मग तुझ्याकडे येतं ते काम ज्यात चूक झाली तर लगेच दिसते आणि नुकसान काही होत नाही, पानं, नंबर, इंडेक्स. यात दुष्टपणा नाही, हिशोब आहे. तरीसुद्धा मला ते पटत नाही, ज्याचं काम आपण फुकटात घेतो त्याला चूक कुठं झाली ते पाच मिनिटं बसून दाखवणं हे काही उपकार नव्हेत.

पण तुझ्या सातबाऱ्यांबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तू ते स्कॅनिंगच्याच रांगेत बसवलंयस आणि ते तिथलं नाहीच. अलिबाग, मुरुड, दापोली, गुहागर या पट्ट्यात मुंबईकरांना जागा हव्या असतात, फर्म त्यांच्यासाठी टायटल तपासते, साधारण तीस वर्षांचा सर्च घेतात आणि फेरफार एकातून एक मागं मागं वाचत जातात. इतर हक्कात कुळाचं नाव आहे का, कुळकायदा कलम ४३ ची (परवानगीशिवाय विकता येणार नाही ही) शर्त लिहिली आहे का, कुळानं जमीन विकत घ्यायची ३२ ग ची किंमत ठरून खरेदीचं ३२ म चं सर्टिफिकेट निघालं का, भोगवटादार वर्ग १ की २, घेणारा शेतकरी नसेल तर कलम ६३ आडवं येतं, गाव खोतीचं असेल तर १९४९ च्या खोती निर्मूलनानंतर नाव कुणाचं आणि कसं लागलं, किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीतल्या बांधकामाचे निर्बंध. सातबाऱ्यावर नावापुढं अ.पा.क. दिसलं की ते अज्ञान मूल होतं हे आपल्याकडच्या कुठल्याही तलाठी ऑफिसच्या व्हरांड्यात कळतं, पण त्याच्या स्वतःच्या मालकीची जमीन पालकानं विकली असेल तर कोर्टाची परवानगी घेतली होती का, हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याचं कलम ८ आहे ना, तो प्रश्न विचारायचा असतो आणि बोरिवली ते चर्चगेट एवढंच जग बघितलेल्या हुशार असोसिएटला त्या तीन अक्षरांवरून पटकन तिथपर्यंत जाता येत नाही. तुला येतं, किंवा थोड्या सरावानं येईल. त्या फर्मला तू भाषांतरकार म्हणून फुकट मिळालीस, त्यांनी तुला विचारलं नाही आणि तूही दाखवलं नाहीस.

म्हणून पुढच्या वेळी नुसतं भाषांतर देऊ नकोस. सोबत अर्ध्या पानाची टीप जोड की अमुक सालच्या वारस फेरफारात मुलगे आहेत आणि बहीण नाहीये, तमुक फेरफारात कुळ कमी केलंय पण कुठल्या आदेशानं ते लिहिलेलं नाही. ती टीप वाचणारा माणूस तुला बोलावून विचारेल, बघ तू, कारण ती गोष्ट नजरेतून सुटली तर उद्या त्याची मान जाणार असते. आणि तेव्हाच म्हणायचं की सर, फायनल टायटल रिपोर्ट नावं झाकून एकदा वाचायला मिळेल का. नाही म्हणाले तरी विचारण्यात काही जात नाही.

बाकीचं मागणं जॉइन व्हायच्या आधीच करायचं, गोड शब्दात पण लिहून. मला एक छोटा ड्राफ्ट करायला द्यावा आणि त्यात लाल पेनानं दुरुस्ती करून परत द्यावी, एक मॅटर नोटिशीपासून आजच्या स्टेजपर्यंत पूर्ण वाचायला द्यावं, क्लायंट मीटिंगला एकदा मागं बसू द्यावं. एवढंच. खूप शिकायची इच्छा आहे असं मोघम लिहिलेल्या ईमेलला हो म्हणायला कोणाला काही लागत नाही आणि मग महिनाभर झेरॉक्स मशीनजवळ उभं राहायला लागतं.

नोकरीच्या चान्सबद्दल एचआरच्या बाई जे बोलल्या ते तुला लागलं असेल पण त्या खरं बोलल्या, ते बरं केलं. मोठ्या फर्ममधल्या बऱ्याच जागा कॉलेज प्लेसमेंटमधून आणि असेसमेंट इंटर्नशिपमधून भरतात, ओळखीतून मिळालेली मे महिन्याची इंटर्नशिप त्या जिन्याची पायरीच नव्हे. त्यामुळे तेच नाव सीव्हीवर आणखी एकदा लावायला परत डोंबिवलीहून लटकत जाण्यात मला अर्थ दिसत नाही. मुंबईच हवी असेल तर दहा बारा वकिलांची, जमीन आणि रिडेव्हलपमेंटचं काम करणारी लहान फर्म बघ, तिथं तुझ्या सातबाऱ्याला भाव आहे. सॉलिसिटर व्हायचं असेल तर तिथं आर्टिकलशिप करून परीक्षा द्यायची जुनी वाट अजून आहे, बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ती परीक्षा घेते, कष्टाची आहे पण निदान कोणाच्या हाताखाली किती वर्षं हे त्यात ठरलेलं असतं.

रत्नागिरीचं म्हणशील तर शिकायला जास्त मिळेल आणि चढायला काहीच नाही, हे दोन्ही एकदमच ऐकून ठेव. एका दिवसात एका कोर्टात वाटपाच्या दाव्यातली उलटतपासणी, दुसऱ्यात चेक बाउन्सची १३८ ची केस, वर जामीन, बाजूला मोटार अपघाताचा क्लेम हे सगळं एका जिन्याच्या अंतरावर बघायला मिळतं, मुंबईत एवढ्यासाठी तीन इमारती फिरायला लागतील. पण चेंबरमध्ये असोसिएट, सीनियर असोसिएट, पार्टनर असं काही नसतं, सीनियर असतात आणि तू असतेस. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय, त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्हे आहेत (रायगड मुंबईकडेच), म्हणजे अपिलाच्या इंटर्नशिपसाठी आता आंबा घाट चढला की झालं. माझं मत विचारशील तर आता सुट्टीत चार आठवडे रत्नागिरीत दिवाणी काम करणाऱ्याकडे, मग मध्ये गॅप घेऊन कोल्हापुरात अपिलाचं काम करणाऱ्याकडे, आणि निर्णय त्यानंतर. घरच्यांना सांग नाव लागलंय ते कागदावर लागलंय.

प्रश्न : ताई, मी कुडाळचा, गेल्या वर्षी सनद (वकिली करायचा परवाना) मिळाली. एका सीनियर वकिलांकडे ज्युनियर आहे, माणूस चांगला आहे पण वर्षभरात मी फक्त तारखा घेतल्या. ओरोसला जा तारीख घे, सावंतवाडीला जा तारीख घे, नक्कल अर्ज टाक, वकीलपत्रावर स्टॅम्प लाव. आर्ग्युमेंट सगळी त्यांचा पुतण्या करतो जो माझ्यानंतर आला. महिन्याला पेट्रोलचे तेवढे देतात, ते पण कधी विसरतात. ऐकलंय की बार कौन्सिलनं १५ हजार द्यायचा नियम केलाय, तो दाखवू का सरांना?

उत्तर : दाखवायचा तर पूर्ण वाचून दाखव भाऊ, कारण तो नियम नाहीये. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढलं त्यात शहरी भागात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार ज्युनियरला द्यावेत असं आहे, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि छोट्या ठिकाणच्या वकिलांना परवडेलच असं नाही हेही त्यात मान्य केलंय. व्हॉट्सॅपवर फिरताना नुसता आकडा फिरतो आणि हे मागं राहतं. माझ्या मते त्यातला पैशापेक्षा कामाचा भाग वेगळाच आहे, ज्युनियरला ठेवताना पत्र द्यावं आणि त्यात किती पैसे, किती काळ, काय काय शिकवणार हे लिहावं असं ते परिपत्रक सांगतं. सरांकडे १५ हजार मागितलेस तर ते हसतील किंवा चिडतील, पण पेट्रोल दर पाच तारखेला आणि महिन्याला एक काम पूर्ण माझ्या हातात एवढं मागितलंस तर बहुतेक कोणी नाही म्हणत नाही.

तारखांबद्दल थोडं उलटं बोलते. तारीख घ्यायला जाताना फाइल वाचून जातोस का? बरेच ज्युनियर नाही वाचत, पुकारा झाला की उभे राहतात, सीनियर दुसऱ्या कोर्टात आहेत म्हणतात आणि रोजनाम्यात काय लिहिलं ते पण बघत नाहीत. फाइल वाचलेली असली की एखाद्या दिवशी साहेब विचारतात की निशाणी ५ वर (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) तुमचं म्हणणं अजून का नाही, आणि तिथल्या तिथं दोन वाक्यं नीट बोलता येतात. कोर्टाला चेहरा लक्षात राहतो तो असा. समोरच्या बाजूची उलटतपासणी चालू असेल तर तारीख मिळाली म्हणून चहाला पळू नकोस, बसून ऐक, फुकटचा क्लास आहे तो आणि फी समोरचा पक्षकार भरतोय.

दुसरं, दिवाणी कोर्टातच बोलायला मिळालं पाहिजे असा हट्ट का? तहसीलदार, प्रांत, अप्पर कलेक्टर इथं फेरफाराच्या तक्रारी, जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ ची अपिलं, मामलेदार कोर्ट अ‍ॅक्टखालचे वहिवाटीच्या रस्त्याचे अर्ज सतत चालू असतात आणि मोठ्या वकिलांना तिकडं जाऊन दुपार घालवायचा कंटाळा असतो. सरांना म्हण प्रांताकडची सगळी कामं मी बघतो. तिथं उभं राहून बोलायची भीड मोडते, आणि आपल्या सिंधुदुर्गात जमिनीचं एकेक प्रकरण असं की, आंबोली, चौकुळ, गेळ्याच्या कबुलायतदार गांवकर (गावकऱ्यांच्या सामाईक) जमिनींचं घे, ते समजून घ्यायला बसलास तर वर्ष कुठं गेलं कळायचं नाही. कोर्टात जागेची पाहणी करून अहवाल द्यायला कमिशनर नेमतात तेव्हा नव्या वकिलांनाही नेमतात, थोडी फी मिळते आणि कागद आणि जमीन यात किती अंतर असतं ते चिखलात उभं राहून कळतं, त्यासाठी तुझं नाव कोर्टाला माहीत हवं. फौजदारीत मन असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लक्ष ठेव, नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) २०२२ च्या योजनेत असिस्टंट लीगल एड डिफेन्स काउन्सेल, म्हणजे गरीब आरोपींची बाजू मोफत मांडणारा वकील म्हणून ० ते ३ वर्षं प्रॅक्टिस झालेल्यांनाच घेतात, मानधन दरमहा मिळतं, मात्र काम पूर्णवेळ, खाजगी केसेस घेता येत नाहीत. भरती नेहमी नसते, जाहिरात आली की सोडू नकोस.

राहिला पुतण्या. त्याच्याशी स्पर्धा करू नकोस, ते ऑफिस उद्या त्याचंच होणार आहे, आपल्याकडे बहुतेक चेंबरचा वारसा हा आमराईसारखा घरातच जातो आणि त्यात कायद्यानं काही करता येत नाही. तुला तिथून न्यायची आहे ती कला आणि ओळख. वर्षभर हातात काम मागून बघ, मिळालं नाही तर भांडण न करता, नोटीस देऊन, सगळ्या फाइलींची यादी हातात देऊन बाहेर पड. भांडून निघालेला ज्युनियर तालुक्याच्या बार रूममध्ये फार वर्षं लक्षात राहतो.

प्रश्न : ताईंनू, मी मालवणचो, होडयेवर काम करतंय. माझा चेडू वकिलीची परीक्षा पास झाला, मुंबईक एका ऑफिसात आठ महिने जाता, चेडवाक नुसता फुकट राबवून घेतत. घरभाडा मी पाठवतंय. मी म्हटलंय वकिलाक येवन इचारतंय तर चेडू म्हणता बाबा तू येव नको, माझी लाज जातली. आता ता जज्जाच्या परीक्षेचा बोलता, तेका परत तीन वर्षा होई म्हणता. ह्या खरा काय? आणि ह्या तक्रार खंय करूची?

उत्तर : दादा, तुमची मुलगी म्हणते ते खरं आहे. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पहिल्या पायरीच्या परीक्षेला बसायचं तर आधी किमान तीन वर्षं वकिली हवी. ती वर्षं प्रोव्हिजनल सनदेच्या तारखेपासून मोजतात, आणि तिथल्या कोर्टाच्या प्रमुख न्यायाधीशांचं, नाहीतर किमान दहा वर्षं प्रॅक्टिस झालेल्या वकिलाचं आणि त्या न्यायाधीशांची सही असलेलं सर्टिफिकेट लागतं. म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न हा आहे की तिनं सनद घेतली का? पास होऊन आठ महिने ऑफिसात जातेय पण सनद नाही असं असेल तर ते आठ महिने या हिशोबात शून्य, मग पगार मिळो न मिळो. अशा मुली मी बघितल्यात, ऑफिसवाले म्हणतात घाई काय आहे आणि सनद राहून जाते. पैशासाठी अडलं असेल तर ऐका, जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवून दिलंय की नोंदणी फी ७५० रुपयांच्या वर घेता येत नाही, अनुसूचित जाती जमातीसाठी १२५, स्टॅम्प ड्यूटी वेगळी. आधी काही हजार लागायचे, आता लागत नाहीत. सनदेनंतर दोन वर्षांत ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हायची, तेवढंही सांगा तिला.

तक्रारीचं म्हणाल तर सरळ सांगते, पैसे दिले नाहीत म्हणून तिथल्या वकिलावर कारवाई होईल असा पक्का कायदा वकिलीत नाही. सीएच्या पोरांना आर्टिकलशिपमध्ये किमान स्टायपेंड ठरलेला आहे, वकिलीत तसं नाही, वर कुडाळच्या मुलाला सांगितलं ते परिपत्रक आहे पण ती शिफारस. सनद झाली असेल तर त्या परिपत्रकाच्या आधारे राज्याच्या बार कौन्सिलकडे म्हणणं मांडता येतं, फार हाती लागेल असं मला वाटत नाही.

तुम्ही स्वतः जाऊ नका, त्यात ती म्हणते ते बरोबर आहे, पण तिच्याकडून तीन गोष्टी काढून घ्या. आठ महिन्यांत तिनं स्वतः काय काय लिहिलं, कोणी तपासून दिलं का, आणि सहा महिन्यांनी पैसे सुरू होतील असं कोणी स्पष्ट म्हणालंय का. तिन्हीला उत्तर नाही असं आलं तर तिला म्हणा परत ये. मालवणला कोर्ट आहे, ओरोस दूर नाही, तीन वर्षं इथं घरी राहून, दाव्यात आणि फौजदारीत उभं राहून मोजली तर ती सुद्धा तेवढीच मोजतात, आणि जजच्या परीक्षेत कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) आणि निकाल कसा लिहितात हे ज्यानं बघितलंय त्याला सोपं जातं. घरभाडं वाचेल ते पुस्तकांना. तिला मुंबईच आवडत असेल तर ती गोष्ट वेगळी, पण मग ते आवडीचं म्हणून भाडं पाठवा, शिक्षणाचं म्हणून नको.

प्रश्न : आपल्या सदरात दर वेळी ज्युनियरांची बाजू येते. मी खेडला तीस वर्षं प्रॅक्टिस करतो. आलेल्या पोराला ड्राफ्टिंग शिकवायचं, स्वतःच्या फाइली उघडून द्यायच्या आणि सहा महिन्यांत तो ठाण्याला नाहीतर पनवेलला पळणार. आम्हाला कोणी शिकवलं होतं? आम्ही सीनियरच्या मागं बॅग घेऊन फिरूनच शिकलो. हल्लीच्या मुलांना सगळं चमच्यानं हवं.

उत्तर : सर, रागात असलात तरी लिहिलंत हे बरं झालं, कारण हे बोलतात सगळे आणि लिहीत कोणी नाही.

पळतात हे खरंच आहे, आणि का पळतात तेही तुम्हाला माहीत आहे, खेडमध्ये पाच वर्षांनी त्याला काय मिळणार हे तुम्ही त्याला कधी सांगितलंय का? पैसे वाढवणं जमत नसेल तर लहान फौजदारी केसेस तुझ्या, त्यातली फी तुझी, असं म्हटलं तरी माणूस थांबतो. आणि पळाला तरी पनवेलहून खेडच्या कामासाठी तो वकील शोधेल तेव्हा कोणाला फोन करेल? शिकवलेल्याचा फोन येतो, बॅग उचलायला लावलेल्याचा येत नाही.

आम्हाला कोणी शिकवलं हे मात्र मी मान्य करणार नाही. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये मुळात सनदेआधी ट्रेनिंग आणि परीक्षा होती, १९७३ च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली. पुढं १९९५ मध्ये बार कौन्सिलनं एक वर्षाच्या ट्रेनिंगचे नियम केले ते १९९९ मध्ये व्ही. सुदीर केसमध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केले, ट्रेनिंग वाईट म्हणून नव्हे तर कायद्यात तसे नियम करायचा अधिकारच बार कौन्सिलकडे राहिला नाही असं तेव्हा कोर्टानं धरलं म्हणून. डॉक्टरला वर्षभर हॉस्पिटलात काढल्याशिवाय पक्कं रजिस्ट्रेशन नाही आणि वकिलाला मात्र डिग्री आणि सनद मिळाली की थेट उभं राहता येतं. म्हणजे बॅग घेऊन फिरणं ही काही आपली थोर परंपरा वगैरे नाही, मोकळ्या राहिलेल्या जागेत जे उगवलं ते आहे. त्यात तुमच्यासारखे काही चांगले सीनियर भेटले ते शिकले, ज्यांना नाही भेटले ते आज चाळिशीत पण कैफियत दुसऱ्याकडून लिहून घेतात. नावं तुम्हीही घेऊ शकाल. आणि कोणाला चांगला सीनियर मिळतो ते बहुतेक वेळा वडिलांच्या ओळखीवर ठरतं, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

चमच्यानं भरवा असं मी म्हणत नाही. त्यानं लिहिलेला अर्ज फाडून स्वतः नव्यानं डिक्टेट करण्याऐवजी त्यावरच खुणा करून परत द्या, वेळ तेवढाच लागतो. संध्याकाळी पक्षकार येतात तेव्हा त्याला बाहेर झेरॉक्सला न पाठवता आत बसवा. साक्षीदाराचं सरतपासाचं शपथपत्र पहिलं त्याला करू द्या, त्यात पक्षकार खरं काय बोलतोय आणि दाव्यात आपण काय लिहून बसलोय हे दोन्ही एकदम कळतं. यात तुमच्या फीचा एक रुपया जात नाही.

अजून एक, त्याच २००८ च्या नियमांत आहे की किमान दहा वर्षं अनुभव असलेले जे वकील सुट्टीत विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायला तयार आहेत त्यांची जिल्हावार यादी बार कौन्सिलनं बार असोसिएशनकडून घ्यायची. तुमच्या असोसिएशनच्या मीटिंगमध्ये विषय काढा, खेड, दापोली, चिपळूण, गुहागर मिळून वीस नावं झाली आणि प्रत्येकापुढं दिवाणी, फौजदारी, अपघात क्लेम असं कामाचं लिहिलं तरी रत्नागिरी, कुडाळ, अलिबागच्या लॉ कॉलेजच्या मुलांना ओळख नसताना दार ठोठावता येईल. आणि पहिलं नाव तुमचं घाला.

थोडक्यात :

*"इंटर्न आहे, सर मला कोर्टासमोर उभं राहून तारीख मागायला लावतात, चालतं का?"* (अलिबाग) नाही चालत. वकिली करायचा हक्क फक्त सनद असलेल्याला आहे, कोर्टानं एखाद्या प्रकरणात खास परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. बेकायदा वकिली केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे, सरांना नम्रपणे हेच कारण सांग. काळा कोट आणि काळा टाय इंटर्नला चालतो, बँड आणि गाऊन नाही.

*"कॉलेजमध्ये केलेली इंटर्नशिप जजच्या तीन वर्षांत धरतात का?"* (देवगड) नाही. सनदेनंतरचंच धरतात. सनदेनंतर न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून काम केलं तर ते मात्र त्याच निकालाप्रमाणे धरलं जातं.

*"सेकंड इयरला आहे, इथं कोणी इंटर्न घेतच नाही, काय करू?"* (राजापूर) तालुका विधी सेवा समितीत जाऊन पॅरा लीगल व्हॉलंटिअरसाठी अर्ज कर, लॉच्या विद्यार्थ्यांना घेतात, ट्रेनिंग देतात, कामाच्या दिवसाचं थोडं मानधन असतं. सोबत ई-कोर्ट्सचं अ‍ॅप घे, राजापूर कोर्टाचा रोजचा बोर्ड त्यात दिसतो, एखादा वाटपाचा दावा निवडून त्याच्या प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर जाऊन बस. दिवाणी कोर्टात बसायला साधारणपणे कोणाची परवानगी लागत नाही, फक्त मोबाइल सायलेंटवर ठेव, आपल्याकडचे शिपाई त्या बाबतीत फार कडक असतात.